फिट येणारा पेशंट गाडी चालवतोय; डॉक्टरांनी आरटीओला कळवायचं का?

नमस्कार. पेशंटला फिट येतात, तरी तो गाडी सोडायला तयार नाही. अशा वेळी डॉक्टरांनी काय करायचं?

आरटीओला कळवलंच पाहिजे, अशी सक्ती आपल्याकडे नाही. कॅनडातल्या ऑन्टारियोत आहे. आपल्याकडे २००२ ची वैद्यकीय आचारसंहिता पेशंटची माहिती बाहेर द्यायला मनाई करते. अपवाद तीन: कोर्टाचा आदेश, अधिसूचित (सरकारला कळवावाच लागतो असा) आजार, आणि ठरावीक व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर धोका. फिट येणारा माणूस स्कूलबस चालवत असेल, तर आमच्या मते तो तिसऱ्यात बसतो.

पण आरटीओला पत्र लिहिण्याआधी केसपेपर! ‘काळजी घ्या’ असलं मोघम नको. तारीख घालून लिहा: ‘वाहन चालवू नये असे सांगितले, पत्नी हजर होत्या’. खाली पेशंटची सही घ्या. तरीही ऐकत नसेल, तर त्याला सांगूनच कळवा आणि लायसन्सपुरतंच लिहा. अख्खी फाइल जोडू नका. पुढे मोटार वाहन कायद्याच्या कलम १६ खाली आरटीओ नवं मेडिकल मागू शकतं, लायसन्स रद्दही करू शकतं.

खरं दुखणं आहे फॉर्म वन-ए, म्हणजे लायसन्ससाठी डॉक्टरांनी द्यायचं मेडिकल सर्टिफिकेट. चाळिशी उलटलेल्यांना आणि रिक्षा-टॅक्सीवाल्यांना तो लागतो, आणि एजंटने आणलेल्या गठ्ठ्यावर माणूस न बघता सह्या होतात. फॉर्म विचारतो, २५ मीटरवरून नंबरप्लेट वाचता येते का? म्हणजे लोकलच्या डब्यापेक्षा जरा जास्त अंतर. दवाखान्यात एवढी जागा कुठली? मग दिवसाउजेडी खाली गल्लीत न्या, एकेक डोळा झाकून वाचायला लावा. लाल-हिरवा, रातांधळेपणा, ऐकणं, हातपायही तपासा. सौम्य-मध्यम रंगांधळेपणा २०२० पासून चालतो. सही अर्धी फोटोवर, अर्धी कागदावर. खोट्या सर्टिफिकेटपायी डॉक्टरांच्या रजिस्टरमधून तुमचं नाव जाऊ शकतं, हे विसरू नका.

इन्सुलिनवाल्यांना मात्र गाडी बंद करायला सांगायची गरज सहसा नसते. मुंबईच्या सी लिंकवर, कोस्टल रोडवर गाडी थांबवता येत नाही, म्हणून निघण्याआधीच शुगर बघायची. ९० च्या खाली असेल तर आधी खायचं. वाटेत घाम, थरथर सुरू झाली तर सुरक्षित जागी थांबून चावी काढायची, १५ ग्रॅम ग्लुकोज घ्यायचं, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. शुगर सावरली तरी पाऊण तास स्टिअरिंगला हात नाही. मीटरवरचा आकडा आधी सुधारतो, डोकं मागाहून ताळ्यावर येतं.