पंखाचा पत्रा चढवण्याआधी

(धुळ्यात अभियांत्रिकी व आयटीआयच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

विद्यार्थी मित्रहो,

धुळ्याजवळच्या गोंदूरची विमानांची धावपट्टी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेली आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर बांधलेले सहा आसनी विमान पुढे चाचणीसाठी याच धावपट्टीवर आले, आणि तेव्हापासून ‘घरी विमान बांधता येते का’ हा प्रश्न आपल्याकडे कुणी हसण्यावारी नेत नाही. मी स्वतः गेली काही वर्षे गावाबाहेरच्या एका शेडमध्ये दोन आसनी विमान बांधतो आहे. आज इंजिनाविषयी किंवा उड्डाणाविषयी मी बोलणार नाही. पंखावर ॲल्युमिनियमचा पत्रा चढवण्याआधी त्याची जी तयारी करावी लागते, तेवढाच माझा विषय आहे, कारण पंख किती वर्षे टिकणार हे बरेचसे तिथेच ठरते आणि नवख्या माणसाला नेमके तेच काम कंटाळवाणे वाटते.

पत्रा म्हणजे सांगाड्यावरचे आवरण, असा समज घेऊन मी या कामाला लागलो होतो आणि तो चुकीचा होता. बुटांचा रिकामा खोका झाकण काढून दोन्ही टोकांना धरा आणि पिळा. तो सहज पिळला जातो. झाकण लावून कडेने चिकटपट्टी मारा आणि पुन्हा पिळा. तोच खोका आता दाद देत नाही. स्पार नावाच्या लांब तुळया आणि त्यांना जोडणाऱ्या फासळ्या यांचा सांगाडा हा झाकण नसलेला खोका आहे. उड्डाणात पंखाला बसणारा पीळ पेलते ती पत्रा आणि स्पार मिळून झालेली बंद पेटी, आणि पत्र्यातला भार सांगाड्यात उतरतो तो रिव्हेटांच्या, म्हणजे भोकात घालून ठोकायच्या धातूच्या खिळ्यांच्या, रांगांमधून. याची दुसरी बाजू अशी की, सांगाडा आधीच पिळलेला असेल तर पत्रा तो पीळ कायमचा बंदिस्त करतो. म्हणून पंख स्टँडवर उभा करून दोन्ही टोकांच्या फासळ्यांपाशी मागच्या स्पारवरून ओळंबे सोडायचे आणि दोऱ्याचे मुख्य स्पारपासूनचे अंतर दोन्हीकडे सारखे येते का, हे पाहायचे. माझा पंख मुळापासून टोकापर्यंत एकाच रुंदीचा असल्यामुळे हे सोपे होते. माझे ओळंबे गवंडीकामाचेच आहेत. वाऱ्याने ते हलत राहतात, म्हणून त्यांचे गोळे तेलाच्या डब्यात बुडवून ठेवले की दोरा स्थिर होतो.

पत्रा २०२४-टी३ या मिश्रधातूचा असतो. त्यात सुमारे चार टक्के तांबे असते. त्या तांब्यामुळे त्याला ताकद येते आणि त्यामुळेच तो लवकर गंजतो, म्हणून त्याच्या दोन्ही अंगांना शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवलेला असतो. आपला पत्रा ०.८ मिलिमीटर जाडीचा धरला, तर हा थर प्रत्येक बाजूला साधारण ०.०४ मिलिमीटर भरतो. इतक्या पातळ थराला स्क्राइबरची, म्हणजे पत्र्यावर आखायच्या टोकदार सळईची, एक रेघ पुरते. वर्कशॉपमध्ये आपल्याला स्क्राइबरने आखायची सवय लागलेली असते. ती इथे सोडावी लागते. शिसपेन्सिलही चालत नाही, कारण तिच्यातल्या ग्राफाइटमुळे ॲल्युमिनियम गंजू लागते. मार्कर पेन वापरावे.

शिंपी कापड मशीनवर घेण्याआधी कच्चे टाके घालतो, तसे इथे क्लेको घालतात. क्लेको म्हणजे पक्कडीने दाबून भोकात बसवायची स्प्रिंगची पिन. ती पत्रा फासळीला तात्पुरता घट्ट धरून ठेवते. एक भोक पाडायचे, क्लेको लावायचा, मग पुढचे भोक, असे रांगेच्या मधून कडेकडे सरकत जायचे, म्हणजे पत्र्याचा फुगवटा एका टोकाला साचत नाही.

खानदेशात या कामाला एक अडचण आहे, आणि ती मला एक अख्खा पत्रा गमावून कळली. मे महिन्यात सकाळी दहाच्या सुमारास मी तीन मीटर लांबीच्या पत्र्याला भोके पाडत होतो. शेडचे दार उघडे होते आणि ऊन थेट पत्र्यावर येत होते. खालच्या फासळ्या मात्र सावलीत होत्या. ॲल्युमिनियम दर अंश सेल्सिअसला आपल्या लांबीच्या साधारण दहा लाखांत २३ भाग वाढते. पत्रा आणि सांगाडा यांच्या तापमानात २० अंशांचा फरक पडला, तर तीन मीटरला जवळजवळ १.४ मिलिमीटर वाढ होते, आणि माझे भोक होते अडीच मिलिमीटरचे. दुसऱ्या दिवशी पहाटे पत्रा पुन्हा चढवला तेव्हा मुळाकडची भोके जुळली, पण टोकाकडे भोकांच्या जागी चंद्रकोरी दिसू लागल्या. तिथे मी थांबायला हवे होते. मी ड्रिल पुन्हा घातले आणि भोके लांबट केली. भुसावळच्या रेल्वेत काम केलेले जुने फिटर सांगतील की लोखंडी रिव्हेट तापवून ठोकतात आणि तो थंड होताना आकसून पत्रे आवळून धरतो. आपला ॲल्युमिनियमचा रिव्हेट थंडच ठोकतात. तो फुगून भोक भरतो आणि त्या भरण्यावरच जोड उभा असतो. लांबट भोक तो नीट भरत नाही. तो पत्रा मी उतरवून ठेवला. तेव्हापासून पत्रा आदल्या रात्रीच सांगाड्यावर अडकवून ठेवतो, म्हणजे दोघांचे तापमान एक होते, आणि भोके पहाटे पाचपासून ऊन चढेपर्यंतच पाडतो.

ड्रिल बाहेर पडते त्या बाजूला भोकाभोवती धातूची बारीक किनार उभी राहते. तिला आपण बर म्हणतो. ती दोन पत्र्यांना एकमेकांवर टेकू देत नाही आणि पुढे भेगेला सुरुवात करून देते. सगळी भोके पाडून झाल्यावर पत्रा पुन्हा पूर्ण उतरवावा लागतो, तो यासाठीच. मोठ्या मापाचे ड्रिल नुसत्या बोटांनी धरून भोकावर दोन-तीन वेळा फिरवले की बर निघते. जोर दिला तर भोकाची कडच कापली जाते. पत्र्याच्या कडांवर कानस आडवी न चालवता लांबीच्या दिशेने चालवायची आणि मग बारीक पॉलिश पेपर फिरवायचा. माझ्या एका पंखात अशी हजारो भोके आहेत आणि प्रत्येकाला दोन बाजू आहेत.

रिव्हेटचे डोके पत्र्याच्या पातळीत बसवायचे असेल, तर त्याला १०० अंशांचा खळगा लागतो. २.४ मिलिमीटरच्या रिव्हेटचे डोके सुमारे ०.९ मिलिमीटर खोल असते, म्हणजे आपल्या पत्र्यापेक्षा जाड. इथे खळगा कापून काढला, तर भोकाच्या तळाशी सुरीसारखी धार उरते. २८ एप्रिल १९८८ रोजी हिलोहून होनोलुलूला निघालेल्या ॲलोहा एअरलाइन्सच्या बोईंग ७३७ च्या छताचा साडेपाच मीटर लांबीचा भाग हवेतच उडून गेला आणि एका हवाई सेविकेचा जीव गेला. त्या विमानाच्या पत्र्यांच्या जोडातला चिकटवलेला भाग सुटला होता, सगळा भार रिव्हेटांवर आला होता आणि पातळ पत्र्यात कापलेल्या खळग्यांच्या अशाच धारांपासून भेगा सुरू झाल्या होत्या. माझ्या विमानात हवेचा दाब भरायचा नाही आणि ते त्या विमानाइतकी उड्डाणेही कधी करणार नाही, तरी पातळ पत्रा मी कापत नाही. नर आणि मादी अशा एकमेकांत बसणाऱ्या दोन डायांमध्ये, म्हणजे साच्यांमध्ये, धरून तो दाबतो, म्हणजे धातू न कापता वाकतो आणि फासळीतल्या तशाच खळग्यात जाऊन बसतो. खळगा कापायचा तो फक्त स्पारच्या जाड पट्टीत.

यानंतर पत्र्याची आतली बाजू खरवडून, सॉल्व्हंटने पुसून तिच्यावर प्रायमर, म्हणजे गंज रोखणारा रंगाचा पहिला हात, मारायचा. आपल्या उन्हाळ्यात तो फवाऱ्यातून पत्र्यावर पोचेपर्यंतच सुकू लागतो, म्हणून हेही काम पहाटेचेच. रिव्हेट ठोकायला दोन माणसे लागतात, एक ठोकायच्या गनवर आणि एक आतून डॉली, म्हणजे रिव्हेटला टेकवायचा जड ठोकळा, धरून. ठोकल्यावर आत तयार झालेले डोके ३.६ मिलिमीटर रुंद आणि १.२ मिलिमीटर उंच भरले, तर रिव्हेट बरोबर बसला असे समजायचे.

इथे टेबलावर मी दोन पट्ट्या ठेवल्या आहेत. दोन्ही त्या वाया गेलेल्या पत्र्यातूनच कापलेल्या आहेत. एकीची भोके ड्रिलखालून निघाली तशीच ठेवली आहेत, दुसरीची बर काढली आहे. डोळे मिटून अंगठ्याने कोणती कुठली ते ओळखा. फक्त पहिलीवरून अंगठा ओढू नका, कापेल.