उदास माणसाला उदास कविता द्या

नमस्कार मंडळी, कसे आहात? आणि हे नुसतं विचारायचं म्हणून विचारत नाहीये हां, आजचा विषयच तो आहे. म्हणजे बघा, आपल्या ओळखीतलं कुणी खचलं, नोकरी गेली, ब्रेकअप झालं, घरातलं माणूस गेलं, किंवा तसं काहीच झालं नाही पण मन कशातच लागत नाही, तर आपण काय करतो, तर मोबाईल उघडून त्याला चार ओळी पाठवतो, रात्र कितीही काळी असली तरी पहाट होणारच टाइप, मागे सूर्योदयाचा फोटो. समोरचा बिचारा हात जोडलेला इमोजी पाठवतो आणि मनात म्हणतो, ह्याला काही म्हणजे काही कळलेलं नाही.

कविता आणि मन या विषयात ज्यांनी खरंच काम केलंय ते याच्या बरोबर उलट सांगतात. पन्नासच्या दशकात अमेरिकेत एली ग्रायफर नावाचा गृहस्थ होता, शिक्षणाने वकील, फार्मासिस्ट, आणि वेड कवितेचं. तो मनोरुग्णांच्या हॉस्पिटलांमध्ये जाऊन पेशंटचे गट जमवायचा आणि कविता वाचायचा. 1959 मध्ये ब्रुकलिनच्या कंबरलँड हॉस्पिटलमध्ये त्याला जॅक लीडी हे मानसोपचारतज्ज्ञ भेटले आणि त्यातून पुढे पोएट्री थेरपी, म्हणजे कवितेच्या मदतीने मनावर उपचार, ही रीतसर शाखा उभी राहिली. लीडींचं म्हणणं साधं होतं. माणूस ज्या मूडमध्ये आहे त्याच मूडची कविता त्याला द्या. उदास असेल तर उदास. फक्त एक बघा, की ती कविता शेवटपर्यंत खड्ड्यातच बसून राहू नये, शेवटाकडे तिने जरा तरी मान वर करावी. आणि मरणाला गोंजारणाऱ्या, सगळं संपलंय म्हणणाऱ्या कविता अशा वेळी अजिबात द्यायच्या नाहीत.

यात ‘शेवटाकडे’ हा भाग फार महत्त्वाचा आहे बरं का, आणि तो मला सगळ्यात चांगला कळला तो एका जुन्या केसवरून. इंग्लंडचा जॉन स्टुअर्ट मिल, पुढे मोठा तत्त्वज्ञ झाला तो. वडिलांनी तिसऱ्या वर्षापासून ग्रीक शिकवायला घेतलेलं, नुसता अभ्यास, तर्क, वादविवाद, भावनाबिवना सिलॅबसच्या बाहेर. 1826 मध्ये, विशीत असताना, त्याने स्वतःला एक प्रश्न विचारला की ज्या सुधारणांसाठी मी एवढा झटतोय त्या सगळ्या आत्ता या क्षणी झाल्या तर मला आनंद होईल का? आतून उत्तर आलं, नाही. झालं, तिथून पुढे सगळं बेचव. हे त्याने स्वतः आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. मग त्याने बायरन हा इंग्रज कवी वाचून बघितला. काही उपयोग झाला नाही, कारण, तोच सांगतो, त्या कवीची अवस्था त्याच्यासारखीच होती, आयुष्याला विटलेली, आणि ती तिथेच थांबलेली. 1828 मध्ये त्याने वर्ड्सवर्थ हा दुसरा इंग्रज कवी हातात घेतला आणि तो मात्र लागू पडला. डोंगर, झाडं, शांतपणा हे तर होतंच, पण एका कवितेत त्याला दिसलं की लहानपणीचा तो ताजा आनंद आता राहिला नाही हे या कवीलाही जाणवलंय, आणि त्याने त्याच्या बदल्यात दुसरं काहीतरी शोधलंय, आणि ते कसं शोधायचं ते तो आपल्यालाही दाखवतोय. मजा म्हणजे मिल पुढे सरळ लिहितो की वर्ड्सवर्थपेक्षा मोठे कवी आहेत, आमच्या काळातही आहेत. म्हणजे कवी केवढा मोठा याच्याशी संबंध नाही, तुम्ही जिथे अडकलाय तिथे तो येऊन गेलाय का आणि तिथून निघालाय का, एवढंच.

आता तुम्ही म्हणाल, कविता आम्हाला कळत नाही. तर तो दोष आपला नाही, शाळेचा आहे. संदर्भासहित स्पष्टीकरण द्या, कवीला काय म्हणायचे आहे ते तुमच्या शब्दांत लिहा, पाच मार्क. हे डोक्यातून काढून टाका. पोएट्री थेरपीच्या गटांमध्ये अर्थ कुणी विचारत नाही, चांगली का वाईट तेही नाही. कविता मोठ्याने वाचतात, बहुतेक वेळा दोनदा, आणि मग विचारतात, कुठली ओळ अडकली? बस. कुणी म्हणतं तिसरी, कुणी म्हणतं मला शेवट पटलाच नाही, आणि नाही पटला म्हणता म्हणता तो माणूस स्वतःबद्दल बोलायला लागतो, ते त्याच्याही लक्षात येत नाही. मला हे फार आवडतं, कारण थेट ‘तुला काय होतंय’ विचारलं की आपण ‘काही नाही’ म्हणून मोकळे होतो.

आणि मोठ्याने वाचा, मनातल्या मनात नको. याला शरीराचं कारण आहे. 2001 मध्ये बर्नार्डी नावाच्या इटालियन संशोधकाने 23 जणांना लॅटिनमधली येशूच्या आईची, मारियाची प्रार्थना आणि ॐ मणि पद्मे हुं हा मंत्र म्हणायला लावला, आणि दोन्ही म्हणताना श्वास संथ होऊन मिनिटाला साधारण सहावर आला. 2004 मध्ये एका अभ्यासात प्राचीन ग्रीक कवी होमरच्या ओळी जर्मन भाषांतरात चालत चालत म्हणताना हृदयाचे ठोके आणि श्वास एकमेकांच्या लयीत येताना दिसले. म्हणजे ओळ लांब असली, ठेक्यात असली, की श्वास आपोआप लांबतो, आणि घाबरलेल्या माणसाला ‘खोल श्वास घे’ सांगण्यापेक्षा हे सोपं जातं, कारण त्याचं लक्ष श्वासावर नसतंच, शब्दावर असतं.

हे झालं वाचण्याचं. लिहिण्याचं वेगळं आहे, आणि इथे जरा सांभाळून. 1986 मध्ये पेनेबेकर आणि बील या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 46 विद्यार्थ्यांवर प्रयोग केला, सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहायचं. काहींना साधे विषय दिले, काहींना आयुष्यातला वाईट प्रसंग. त्यातही काहींनी फक्त काय घडलं ते लिहिलं, काहींनी फक्त काय वाटलं ते, काहींनी दोन्ही. ज्यांनी दोन्ही लिहिलं त्यांच्या पुढच्या सहा महिन्यांत दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. पण लिहून झाल्या झाल्या त्यांना बरं नाही वाटलं, उलट जास्तच वाईट वाटलं. हे कुणी सांगत नाही, आणि मग लोक एकदा लिहितात, रडतात, आणि हे आपल्याला झेपत नाही म्हणून सोडून देतात. आणि खरं सांगायचं तर नंतर अशा दीडशेच्या आसपास अभ्यासांचा हिशोब मांडला तेव्हा फायदा निघाला, पण छोटा निघाला. चमत्कार वगैरे नाही.

मग नुसती डायरी का नको, कविता कशाला? माझं मत सांगते. डायरीत आपण पानंच्या पानं तेच तेच लिहू शकतो, ‘मला कसंतरी होतंय’ हे वाक्य चाळीस वेळा. कवितेत तसं करता येत नाही, तिथे जागाच नसते, कसंतरी म्हणजे नक्की कसं ते सांगावंच लागतं. चला, आत्ता करून बघू, माझ्याबरोबर करा. कसंतरी म्हणजे?

कसंतरी म्हणजे
दोरीवर राहिलेला टॉवेल,
पावसात भिजला, उन्हात वाळला,
पुन्हा भिजला,
मी घरातच होते.

काव्य म्हणून ठीकठाक आहे, मला माहितीये. पण ती शेवटची ओळ बघा, ‘मी घरातच होते’. ती मी ठरवून लिहिली नव्हती. सुरुवातीला वाटत होतं हे दमण्याबद्दल आहे, ओळ आल्यावर कळलं की हे दमणं नाहीये, मी उठून दोरीपर्यंतसुद्धा जात नाहीये, म्हणजे हे काहीतरी वेगळं आहे. आता दुसरी गंमत, ‘मी’ काढून तिथे ‘ती’ टाका. ‘ती घरातच होती.’ लगेच एक पाऊल मागे सरकल्यासारखं होतं, आणि स्वतःवर जो राग होता तो तिच्यावर तेवढा येत नाही, उलट विचारावंसं वाटतं, का गं, काय झालं? पेनेबेकरनीही पुढे असंच काहीसं बघितलं, की जे लोक लिहिताना नुसतं मी-मी न करता ‘मी’वरून दुसऱ्यांवर आणि परत ‘मी’वर असे फिरत राहतात त्यांना जास्त फायदा होतो.

यमकाच्या मागे लागू नका. आशा आलं की निराशा येणारच, आणि निराशा आली की मागोमाग भाषा, आणि मग तुमचं दुःख राहिलं बाजूला, तुम्ही शब्द जुळवताय. हां, काहींना बांधलेला छंदच बरा वाटतो, फार मोठं काही सांगायचं असेल तर त्या चौकटीचा आधार होतो, तसं असेल तर खुशाल लिहा.

आता सांभाळायचं ते. धक्का अगदी ताजा असेल, परवाच काही घडलं असेल, तर लगेच त्यावर लिहायला बसू नका, आधी वाचा फक्त. लिहिताना एखाद्या गोष्टीशी आलात आणि हातपाय गार पडले, छातीत धडधडलं, तर विषय सोडा, दुसऱ्या कशावर तरी लिहा, पेनेबेकर स्वतः हेच सांगतात. चार दिवस झाले आणि त्याच ओळी, त्याच शब्दांत परत परत येतायत, काहीच हलत नाहीये, तर ते आता लिहिणं राहिलेलं नाही, ते उगाळणं आहे, थांबा. आणि झोप उडालीये, जेवण जात नाहीये, मरणाचे विचार येतायत, तर कविता बाजूला ठेवून आधी डॉक्टरकडे किंवा काउन्सिलरकडे जा, आणि आजच जवळच्या एका माणसाला हे बोलून दाखवा. गोळ्या चालू असतील तर कविता लिहायला लागलो म्हणून त्या बंद करू नका, हे सांगावं लागतंय कारण लोक तसं करतात.

राहिला तो मित्र, ज्याला तुम्ही सूर्योदय पाठवणार होतात. त्याला आज काहीच फॉरवर्ड करू नका. फोन करा, आणि तुम्ही स्वतः वाईट दिवसांत वाचलेली एखादी कविता असेल तर ती वाचून दाखवू का असं विचारा. नको म्हणाला तर नको. हो म्हणाला तर वाचा, सावकाश, आणि वाचून झाल्यावर ‘बघ, सगळं ठीक होईल’ असं काही जोडू नका, फक्त विचारा, कुठली ओळ अडकली?