गोळी आज, की पाच आठवड्यांनी?

युगांडाची राजधानी कंपाला. इथलं मुलागो रुग्णालय. पेशंट कुशीवर वळलाय, गुडघे पोटाशी घेतलेत. कमरेच्या मणक्यांमधून सुई आत गेलीय आणि तिला जोडलेल्या नळीत मेंदू-मणक्याभोवतीचं पाणी वर चढतंय. वीस सेंटिमीटर, पंचवीस, तीस... पाणी काढलं की डोक्यातला ठणका जरा उतरतो. उद्या पुन्हा काढावं लागेल.

हा क्रिप्टोकॉकल मेनिन्जायटिस. एचआयव्हीनं प्रतिकारशक्ती पार खचली की क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी मेंदूच्या आवरणापर्यंत पोचते. बुरशीचं औषध सलाईनमधून सुरू झालंय. मग एचआयव्हीचं, म्हणजे एआरटी, कधी?

आजच, असं कुणीही म्हणेल. अमेरिका आणि दक्षिण आफ्रिकेतल्या २८२ रुग्णांचा अभ्यास २००९मध्ये छापून आला. त्यात बहुतेकांना न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया, म्हणजे फुप्फुसाचा संसर्ग होता. साधारण बाराव्या दिवशी एआरटी मिळालेल्यांपैकी १४ टक्के दगावले किंवा त्यांना एड्सचा नवा आजार जडला. दीड महिना थांबलेल्यांत हेच प्रमाण २४ टक्के. कंबोडियातही टीबीच्या रुग्णांना आठऐवजी दोन आठवड्यांनी एआरटी दिल्यावर जास्त जीव वाचले.

मेंदूच्या या बुरशीनं मात्र हिशेब उलटा केला. युगांडा आणि दक्षिण आफ्रिकेत १७७ रुग्ण निवडले. काहींना एक-दोन आठवड्यांत एआरटी, बाकीच्यांना पाच आठवड्यांनी. चाचणी मध्येच थांबवावी लागली. सहा महिन्यांत लवकर औषध घेतलेल्यांपैकी ४५ टक्के गेले, थांबलेल्यांपैकी ३० टक्के. जास्तीचे मृत्यू मुख्यतः पहिल्या महिन्यातलेच. आणि धोका सगळ्यात जास्त कुणाला? ज्यांच्या मणक्यातल्या पाण्यात जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी जवळजवळ नव्हत्याच, त्यांना.

एआरटीनं प्रतिकारशक्ती जागी होते आणि उरलेल्या जंतूंवर तुटून पडते, सूज येते. फुप्फुसातली सूज बऱ्याचदा स्टिरॉइडनं आवरता येते. कवटीत सुजेला जागाच नसते.

म्हणून या आजारात आता चार ते सहा आठवडे थांबतात. आपल्याकडे २००४पासून सरकारी केंद्रांत एआरटी मोफत मिळते. अशा वेळी खाटेशी बसलेली आई विचारणारच, "औषध फुकट आहे, मग माझ्या पोराला देत का नाही, डॉक्टर?" तिला हे सगळं समजावून सांगायला दहा मिनिटं लागतात. ती द्यायलाच हवीत. आणि घरी सोडताना कागदावर एआरटी सुरू करायची तारीख ठळक लिहून द्यायला हवी.