खाली-वर चालणारा हात

नमस्कार श्रोतेहो.

गिटार शिकायला बसलेल्या कुणाकडेही बघा, त्याची नजर डाव्या हातावर खिळलेली असते. कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, नीट धरली का, बोट दांडीवरच्या कुठल्या पट्टीवर आहे, करंगळी पोचते की नाही, यातच तो गुंतलेला असतो. मला आज बोलायचं आहे ते उजव्या हाताबद्दल. त्यासाठी आपल्याला अमेरिकेच्या पूर्वेकडच्या अ‍ॅपलाचियन डोंगरांत जावं लागेल. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत एकच पिक, म्हणजे तारा छेडायची छोटी चकती, धरून अकॉस्टिक, म्हणजे विजेशिवाय वाजणाऱ्या, गिटारवर लय आणि धून दोन्ही सांभाळायची एक पद्धत तिथे रुजली. तिला फ्लॅटपिकिंग म्हणतात. या पद्धतीत जे काही आहे ते सगळं उजव्या हाताच्या चालीतून येतं, आणि ती चाल एकदा अंगात भिनली की बाकीचं शिकणं फार सोपं होतं, असं माझं ठाम मत आहे.

व्हर्जिनिया, टेनेसी, केंटकी, नॉर्थ कॅरोलायना हा तो डोंगराळ पट्टा. इथल्या नाचगाण्यात आधी होतं फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिनच, फक्त वाजवण्याची तऱ्हा वेगळी. बँजो आला तो आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या वाद्यपरंपरेतून. गिटार पोचायला बराच उशीर झाला. विसाव्या शतकाच्या तोंडावर टपालानं माल मागवायच्या सूचीपुस्तकांतून स्वस्त गिटारी घरोघरी जाऊ लागल्या. आली तेव्हा तिला धून कुणी दिली नाही. धून फिडलची. गिटारनं मागे बसून ठेका धरायचा. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण या वादनाचं सगळं व्याकरण त्या ठेक्यातून निघालं आहे.

1927 च्या उन्हाळ्यात व्हिक्टर कंपनीचे राल्फ पीअर ध्वनिमुद्रणाची सामग्री घेऊन ब्रिस्टल या गावी आले. गावाच्या मुख्य रस्त्यावरूनच टेनेसी आणि व्हर्जिनिया यांची हद्द जाते. तिथे कार्टर कुटुंबातली तिघं गायला आली: ए. पी. कार्टर, त्यांची पत्नी सेरा, आणि गिटार घेतलेल्या मेबेल. मेबेल तेव्हा 18 वर्षांच्या होत्या आणि गरोदर होत्या. त्यांच्या हातून गिटारनं पुढे येऊन गाण्याची धून सांगितली. त्या पिक धरत नसत, अंगठ्यानं जाड तारांवर धून वाजवायच्या आणि मधल्या रिकाम्या जागेत तर्जनीनं बारीक तारांवर हलका झटका मारून ठेका चालू ठेवायच्या. ऐकणाऱ्याला वाटावं दोन माणसं वाजवताहेत.

इथे एक नाव घ्यायलाच हवं, कारण ते बऱ्याचदा वगळलं जातं. लेस्ली रिडल. हे कृष्णवर्णीय गिटारवादक. अपघातांत त्यांचा एक पाय गेला होता आणि उजव्या हाताची दोन बोटंही. उरलेल्या बोटांनी त्यांनी स्वतःची वाजवण्याची रीत बसवली. 1928 पासून ए. पी. कार्टर त्यांना बरोबर घेऊन डोंगरातल्या वस्त्यांवर गाणी गोळा करत फिरले. कार्टर शब्द उतरवून घ्यायचे आणि रिडल चाल डोक्यात साठवायचे. गिटार वाजवण्याच्या काही तऱ्हा मेबेल रिडल यांच्याकडून शिकल्या, हे मेबेल यांनी स्वतः सांगितलं आहे. वर्णभेदाच्या त्या काळात गाण्याच्या तबकडीवर रिडल यांचं नाव आलं नाही. आज आपण ते मोठ्यानं घेऊ या.

मेबेल यांच्या त्या चालीपासूनच आपण सुरुवात करू. फक्त त्यांचा अंगठा आणि तर्जनी यांचं काम आपण एका पिककडून करून घेणार आहोत. ऐका.

(गिटार: सी कॉर्डवर खर्जाची एक तार, मग झटका, चार वेळा, संथ)

धुम्–छक, धुम्–छक. ‘धुम्’ म्हणजे जाड तारेवरचा एकच स्वर, ‘छक’ म्हणजे बारीक तारांवरून खाली मारलेला छोटा झटका. सी कॉर्ड धरली असेल तर पहिला धुम् ‘ए’ तारेवर (जाड बाजूनं दुसरी), तिसऱ्या पट्टीवर. दुसरा धुम् ‘डी’ तारेवर (जाड बाजूनं तिसरी), दुसऱ्या पट्टीवर. एवढंच. पण हे एवढंच पंधरा मिनिटं न थकता, न पळता वाजवून बघा. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी पहिले काही आठवडे दुसरं काही देत नाही. ती कंटाळतात, हे मला दिसतं. तरी मी देत नाही.

आता पिकबद्दल थोडं. आपल्याकडच्या दुकानांत नव्या माणसाच्या हातात बहुधा पातळ, लवचिक पिक ठेवतात. ते स्ट्रमिंगला, म्हणजे सगळ्या तारांवरून एकदम हात फिरवायला, चालतं, या वादनाला चालत नाही. तारेला लागल्यावर ते आधी वाकतं आणि स्वर मागून येतो. एक मिलिमीटर किंवा त्याहून जाड घ्या. तर्जनी किंचित वाकवा, तिच्या पहिल्या पेराच्या कडेवर पिक ठेवा, वरून अंगठा टेकवा. टोक जेमतेम बाहेर दिसू द्या. पकड किती घट्ट? हातातून पडणार नाही इतकीच. दाबून धरलंत की मनगट आखडतं, आणि मनगट आखडलं की सगळं संपलं. करंगळी गिटारच्या पाटीवर टेकवावीशी वाटली तर हलकीच टेकवा, रोवू नका.

आता मुख्य गोष्ट. श्रोतेहो, तुम्ही जिथे बसला आहात तिथे उजवा हात मांडीवर ठेवा. मनात मोजा: एक आणि दोन आणि तीन आणि चार आणि. आकड्यावर हात खाली येऊ द्या, ‘आणि’वर वर जाऊ द्या. खाली, वर, खाली, वर. सरोद वाजवणारे जव्यानं, म्हणजे त्यांच्या पिकनं, जे ‘दा-रा’ वाजवतात, तेच हे: दा खाली, रा वर. आठ स्वर सलग असतील तर हात आपोआप बरोबर चालतो, तिथे अडचण नसते. अडचण येते ती धुनेत लांब स्वर आला की. समजा, ‘एक’वरचा स्वर पूर्ण मात्राभर टिकणार आहे आणि पुढचा स्वर थेट ‘दोन’वर आहे. मग मधल्या ‘आणि’चं काय करायचं? नवशिका हात थांबवतो. हात थांबवायचा नाही. तो वर जाऊ द्यायचा, तारेला न लागता, हवेतून. म्हणजे ‘दोन’वर तो पुन्हा खालीच येईल.

हा रिकामा, न वाजणारा वरचा आघात म्हणजे फ्लॅटपिकिंगचा कणा आहे. ऐकू येत नाही, पण स्वर ज्या वजनानं पडतो ते वजन त्यातूनच येतं. खाली येणारा आघात जात्याच थोडा भारी असतो, वर जाणारा हलका. आकड्यावरचे स्वर नेहमी खालच्या आघातानं वाजले की धुनेला डोल येतो आणि पाय आपोआप हलायला लागतात. ही नाचाची गाणी आहेत, पाय हलले नाहीत तर वाजवण्यात काही कमी आहे असं समजावं. तेच स्वर उलटसुलट आघातांनी वाजवले तर एकही स्वर चुकत नाही, पण नाच निघून जातो.

ज्यांनी हे सगळं जगाच्या कानावर घातलं ते डॉक वॉटसन. जन्म 1923, नॉर्थ कॅरोलायनातल्या डीप गॅपजवळ. डोळ्यांना जंतुसंसर्ग झाला आणि वर्षाचे व्हायच्या आतच त्यांची दृष्टी गेली. वडिलांनी त्यांना घरात बसवून ठेवलं नाही. मोठ्या आडव्या करवतीचं दुसरं टोक त्यांच्या हातात दिलं आणि लाकूड कापायला लावलं. आपणही कामाचे आहोत हे त्या करवतीनं शिकवलं, असं डॉक पुढे सांगत. शेताच्या कडेची वाळलेली चेस्टनटची झाडं भावाबरोबर तोडून विकली आणि त्या पैशांतून त्यांनी स्टेला बनावटीची गिटार घेतली. त्या काळात एका बुरशीजन्य रोगानं त्या डोंगरांतले चेस्टनट उभेच्या उभे वाळत होते.

गिटारवर फिडलची धून आली ती मात्र अडचणीतून. 1950 च्या दशकात डॉक एका नाचाच्या बँडमध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजवत. लोकांना फिडलच्या धुनांवर नाचायचं असे आणि बँडमध्ये फिडलवाला नव्हता. मग त्या धुना डॉकनी गिटारवर बसवल्या. नाच चालू असताना गती कमी करायची सोय नसते. फिडलच्या एका धुनेत साधारण दोन भाग, प्रत्येक आठ मापांचा (माप म्हणजे ठरावीक ठोक्यांचा एक गट), प्रत्येक दोनदा. म्हणजे एकूण 32 मापं. नाचाची गती मिनिटाला शंभर ठोके धरली आणि प्रत्येक ठोक्यात चार स्वर, तर मिनिटाला 400 स्वर होतात. सेकंदाला सहाहून जास्त. फिडलवाल्याचा गज एका ओढीत तीनचार स्वर काढतो. गिटारवाल्याला प्रत्येक स्वरासाठी वेगळा आघात करावा लागतो. रात्र रात्र हे वाजवून तो हात तयार झाला. 1960 मध्ये राल्फ रिंझलर हे लोकसंगीताचे अभ्यासक त्या भागात आले आणि त्यांनी डॉकना पुन्हा अकॉस्टिककडे वळवलं. 1963 मध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात ते वाजवले आणि अमेरिकेतल्या तरुण गिटारवादकांचे कान बदलले. क्लॅरेन्स व्हाइट, नॉर्मन ब्लेक, टोनी राइस, आजची मॉली टटल, प्रत्येकाची वाट वेगळी आहे, पण प्रत्येकाच्या मागे डॉक उभे आहेत.

डॉकच्या ध्वनिमुद्रणांत वेगानं माणूस दिपून जातो. मला त्याहून जास्त भावतो तो स्वरांचा नेटकेपणा. वेगातसुद्धा प्रत्येक स्वर गोल, पुरा, शेजारच्या स्वरापासून सुटा. तो येतो कुठून, तर तार ओलांडण्याच्या तयारीतून.

त्याचा एक छोटा पाठ देतो. डावा हात लावूच नका. मोकळी ‘जी’ तार (जाड बाजूनं चौथी) खालच्या आघातानं, मोकळी ‘बी’ तार (पाचवी) वरच्या आघातानं. पिक दोन्ही तारांच्या बाहेरून फिरतं, हे सोपं जातं.

(गिटार: जी खाली, बी वर, काही वेळा)

आता उलटं करा. बी खाली, जी वर. आता पिक दोन तारांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत अडकतं. बहुतेकांचा हात इथे अडखळतो आणि घाईत ते आघाताचा क्रम बदलून मोकळे होतात. तिथे क्रम बदलू नका, गती कमी करा. आठ-दहा दिवस रोज थोडा वेळ फक्त हे दोन प्रकार. मनगटातून हलकं, छोटं वळण घ्यायचं, कोपरातून हिसका नको.

यानंतर धून घ्या. मी नेहमी ‘वाइल्डवुड फ्लॉवर’नं सुरुवात करून देतो. मेबेल यांनी 1928 मध्ये वाजवलेली ही चाल गिटारवर अशी बसते की जणू गिटारसाठीच जन्मली. सी कॉर्ड धरा आणि सी ला षड्ज माना. सुरुवातीचे स्वर आहेत ग, म, प. ग आणि म डी तारेवर, दुसऱ्या आणि तिसऱ्या पट्टीवर. प म्हणजे मोकळी ‘जी’ तार. मग छक. मग ध, छक. मग वरचा सा, छक. बघा, धून कुठेही ठेक्यापासून वेगळी झालेली नाही. मघाच्या ‘धुम्’च्या जागी धुनेचा स्वर आला, ‘छक’ तिथेच आहे. इतके आठवडे जो ठेका घोटला त्यातच ही धून दडलेली होती.

फिडलवाल्यांबरोबर वाजवताना कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एका पट्टीवर दाबून धरणारा चिमटा, लागतो. त्यांना त्यांच्या तारांमुळे ए आणि डी हे स्वर सोयीचे. गिटारला मोकळ्या तारांचा नाद हवा, म्हणून ती सी आणि जी या कॉर्डच्या घरात राहते आणि दुसऱ्या पट्टीवर कॅपो लावून डी आणि ए मध्ये पोचते.

सरावाला साथ कशाची घ्यावी, हे मला बरेचजण विचारतात. आपल्या घरात मोबाइलवर तबल्याचं अ‍ॅप असतंच. सुरुवातीला केरवा लावायला हरकत नाही. आठ मात्रा, आपले आठ आघात, कानाला ओळखीचं. पण फार दिवस त्यावर राहू नका. केरव्यात आपलं मन समेकडे धावतं, आणि या डोंगरी संगीतात उठाव असतो ‘छक’वर. म्हणून थोड्याच दिवसांत साधा मेट्रोनोम घ्या आणि त्याचा टकटक आवाज ‘छक’वर येतो असं धरून वाजवा. पहिले दोन दिवस डोकं गरगरेल. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ‘धुम्’ कुठे टाकायचा हे शरीराला कळू लागतं. गती साठच्या वर नेऊ नका, स्वर चिरका झाला तर पन्नासवर या.

मुंबईत, कोकणात, गोव्यात राहणाऱ्यांसाठी एक सूचना. या वादनाला पोलादी तारा लागतात आणि आपल्या पावसाळी हवेत त्या लवकर गंजतात. वाजवून झालं की प्रत्येक तार सुती कपड्यानं पुसा, खालच्या बाजूनंही. दमट हवेत लाकूड फुगतं, तारा पाटीपासून वर उचलल्या जातात आणि बोटं दुखू लागतात. पावसाळ्यात गिटार भिंतीवर टांगू नका, केसमध्ये ठेवा आणि आत सिलिका जेलच्या पुड्या टाका.

आणि एकट्यानं फार दिवस वाजवू नका. त्या डोंगरांत हे संगीत घोळक्यात वाजतं. सहा माणसं गोल बसतात, धून एकाकडून दुसऱ्याकडे जाते. एकजण धून वाजवतो तेव्हा बाकीचे पाच त्याला ठेका देतात, आवाज खाली ठेवून, त्याची धून ऐकू येईल असा. म्हणजे सहातली पाच आवर्तनं तुम्ही धुम्–छकच वाजवणार आहात. ती पाच आवर्तनं ज्याला मनापासून वाजवता येतात, त्याला पुढच्या वेळी लोक हाक मारून बोलावतात. तुमच्या गावात तीन गिटारी असतील तर तिघांनी बसा. ‘वाइल्डवुड फ्लॉवर’ एकेकानं घ्या, बाकीच्या दोघांनी साथ करा.

आता तीच धून मी संथ गतीत, दोन वेळा वाजवतो. गिटार जवळ असेल तर पहिल्या वेळी फक्त ठेका धरा आणि दुसऱ्या वेळी धून.

(गिटार: ‘वाइल्डवुड फ्लॉवर’, सी मध्ये, दोन आवर्तनं)