फाटकावरची पाटी आणि कायदा

अध्यक्षमहोदय आणि मित्रहो, ‘विनापरवानगी आत येणाऱ्यावर कायदेशीर कारवाई केली जाईल’ ही पाटी आपण सर्वांनी वाचलेली आहे, आणि समोरचे काही चेहरे पाहता ती वाचूनही आत गेलेली मंडळी येथे असावीत. आजचा विषय ‘कायदा कोणत्या प्रवेशाला गुन्हा मानतो’ हा आहे. माझे म्हणणे असे, की पाटी जेवढी धमकी देते तेवढा अधिकार कायदा मालकाला देत नाही आणि ते योग्यच आहे.

यासाठी मला अमेरिकेतील आयोवा राज्यातला खटला सांगितल्याशिवाय राहवत नाही. ब्रायनी दांपत्याच्या एका ओसाड शेतघरात वारंवार घरफोड्या होत असत. पाट्या लावून झाल्या, खिडक्यांना फळ्या ठोकून झाल्या. शेवटी 1967 मध्ये त्यांनी आतल्या खोलीतील लोखंडी पलंगाला बंदूक बांधली आणि दाराची मूठ फिरताच चाप ओढला जाईल अशी तार जोडली. नेम प्रथम पोटावर धरला होता; तो पायांवर आणावा, ही सूचना पत्नीची. (या साऱ्या प्रकरणात वेळेवर मिळालेला हा एकमेव शहाणा सल्ला.) जुन्या बाटल्या आणि बरण्या उचलायला आलेल्या काट्को नावाच्या माणसाचा पाय त्या गोळीने जबर जखमी झाला. चोरीबद्दल त्याला 50 डॉलर दंड झाला; त्याने मात्र मालकांवर दावा लावून 30,000 डॉलर मिळवले आणि 1971 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. चोराला बक्षीस मिळाले म्हणून आजही लोक संतापतात. परंतु मालक समोर हजर असता जे करण्याची त्याला मुभा नव्हती, ते त्याच्या गैरहजेरीत यंत्राकडूनही करवून घेता येत नाही, एवढेच न्यायालयाने सांगितले. शिवाय त्या दाराआडून चोराऐवजी आग विझवायला आलेला माणूसही शिरू शकला असता.

इंग्लंडमध्ये 1932 साली किंडर स्काउट नावाच्या डोंगरपठाराच्या खासगी माळरानावर शेकडो लोक ठरवून चढले, तेव्हा तुरुंगात गेलेल्या पाच जणांवर दंगलीशी संबंधित आरोप ठेवावे लागले, कारण नुसते आत शिरणे हा तेथे दिवाणी मामला होता.

वेळ संपल्याची चिठ्ठी आलीच आहे, तेव्हा मूळ विषय थोडक्यात उरकतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 329 नुसार प्रवेश गुन्हा ठरण्यासाठी अपराध करण्याचा, धाक घालण्याचा, अपमान करण्याचा किंवा त्रास देण्याचा उद्देश लागतो. शिक्षा कमाल तीन महिने, घरात शिरल्यास एक वर्ष. रेल्वे अधिनियमाच्या कलम 147 खाली मात्र असा उद्देश सिद्ध करावा लागत नाही, तरी शिक्षा सहा महिन्यांपर्यंत जाते. कारण तेथे प्रश्न मालकाच्या मानापमानाचा नसून जीविताच्या धोक्याचा असतो. उलट स्वीडनमध्ये परक्याच्या रानातून चालण्याचा हक्क सर्वांना आहे, पण घराभोवतालचे आवार आणि उभे पीक त्यातून वगळलेले आहे. तेव्हा पाटी लावायचीच असेल तर कारवाईच्या धमकीऐवजी आत विहीर आहे, वीजवाहिनी आहे की राहते घर आहे, ते तिच्यावर लिहावे, अशी माझी सूचना आहे.