डोंगरमाथ्यावरचे वजन

श्रोतेहो, नमस्कार. उंच पर्वतावर गेल्यावर माणसाचे वजन घटते हे आपण ऐकलेले असते. मात्र ते किती घटते हे कळल्यावर बहुतेकांची निराशा होते. पृथ्वीच्या केंद्रापासूनचे अंतर वाढते तसे गुरुत्वाकर्षण कमी होत जाते, परंतु समुद्रकिनाऱ्यावर उभे असतानाच आपण केंद्रापासून सुमारे ६,३७१ किलोमीटर दूर असतो. त्यात एव्हरेस्टच्या उंचीचे जेमतेम नऊ किलोमीटर मिळवले, तरी सत्तर किलोच्या माणसाचे वजन स्प्रिंगच्या काट्यावर दोनशे ग्रॅमच्या आसपासच कमी भरते. स्प्रिंगचा काटा मी मुद्दाम म्हणतो, कारण तराजूत वजनांवरची ओढही तेवढीच कमी होते आणि पारडी जागची हलत नाहीत.

हा एवढासा फरक मोजण्याचा ध्यास घेतलेल्या प्येर बूगे या फ्रेंच शास्त्रज्ञांची हकिगत मला फार प्रिय आहे. पृथ्वीचा आकार ठरवण्यासाठी १७३५ मध्ये फ्रान्सहून निघालेल्या मोहिमेबरोबर ते दक्षिण अमेरिकेत विषुववृत्ताजवळ गेले आणि १७३७ मध्ये सहकाऱ्यांसह कीतोजवळच्या पिचिंचा ज्वालामुखीच्या माथ्यावर, थंडीवाऱ्यात आणि धुक्यात, एका लहानशा झोपडीत राहिले. गुरुत्वाकर्षण मोजण्यासाठी त्यांच्यापाशी होता तो दोऱ्याला टांगलेला लंबक. ओढ कमी झाली की लंबकाचे झोके संथ होतात, आणि बरोबर एका सेकंदाचा झोका साधण्यासाठी दोरा आखूड करावा लागतो. समुद्रसपाटी, कीतो आणि पिचिंचा अशा तिन्ही ठिकाणी त्यांनी ही लांबी मोजली. सुमारे नव्याण्णव सेंटिमीटरच्या लंबकात समुद्रसपाटी आणि माथा यांच्यात फरक पडला तो केवळ एखाद्या मिलिमीटरचा, आणि तोही त्यांनी पकडला!

त्याहून मोलाचे पुढेच आहे. गणिताने जेवढी घट यायला हवी होती, तेवढी ती आली नाही. उंचीमुळे ओढ कमी झाली होती हे खरे, पण पायाखालचा प्रचंड खडक स्वतःही खाली ओढत होता. पुन्हा सांगतो: उंची वजन कमी करते, आणि डोंगर त्यातले काही परत देतो. हा हिशेब भूशास्त्रज्ञ आजही बूगे यांच्याच नावाने करतात. शालेय पाठ्यपुस्तकांत न्यूटन यांच्याशेजारी त्यांचे नाव नसावे, हे मला मुळीच पटत नाही.

अंतराळस्थानकात सुमारे चारशे किलोमीटर उंचीवरही गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळजवळ नव्वद टक्के असते. तिथले अंतराळवीर तरंगतात ते ओढ संपली म्हणून नव्हे, तर स्थानक आणि ते स्वतः एकाच वेगाने सतत पृथ्वीकडे पडत असतात म्हणून.