कच्च्या तेलातले मेण गोठते तेव्हा

राजस्थानच्या बाडमेर जिल्ह्यात 2004 साली सापडलेल्या मंगला क्षेत्राचे कच्चे तेल साध्या हवामानात धड वाहतही नाही. गुजरातच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या 600 किलोमीटरांहून लांब पाइपलाइनमध्ये ते वाटभर सुमारे 65 अंश सेल्सियसच्या वर राखावे लागते.

याचे कारण त्यातले पॅराफिन मेण. तेल थंड होऊ लागले की या मेणाचे पातळ, चपटे स्फटिक बनतात आणि एकमेकांत गुंतून जाळे उभे करतात. तेलाच्या अवघ्या 2 टक्क्यांइतके मेण घन झाले तरी उरलेले द्रव तेल त्या जाळ्यात अडकून बसू शकते. म्हणूनच पहिला स्फटिक केव्हा दिसला, एवढ्यावर भागत नाही. कोणत्या तापमानाला किती मेण गोठले, हे समजावे लागते, आणि तेल तर इतके काळे की डोळ्यांनी पाहून काहीच ठरत नाही.

येथे चुंबकीय अनुनाद ही मोजणीची पद्धत कामी येते, कारण तिला प्रकाशाची गरज नसते. काचनळीतला नमुना सुमारे अर्ध्या टेस्लाच्या चुंबकात ठेवून त्यावर 20 मेगाहर्ट्झचा रेडिओ स्पंद सोडला, की हायड्रोजनची अणुकेंद्रे प्रतिसाद देतात. स्फटिकात जखडलेल्या रेणूंचा संकेत काही मायक्रोसेकंदांत विझतो, तर मोकळ्या द्रवातला मिलिसेकंदांपासून सेकंदापर्यंत टिकतो. मार्गारीनमधील घन चरबीही याच तत्त्वावर मोजली जाते.

खरी अडचण पुढे आहे. स्पंदानंतर संकेत टिपणारे ग्राहक यंत्र क्षणभर बधिर असते आणि घनाचा बराचसा संकेत तेवढ्यातच निसटतो. त्यामुळे पुष्कळदा द्रवाचा संकेत किती घटला, यावरूनच मेणाचा हिशेब करावा लागतो. पण थंड नमुन्यातील अणुकेंद्रांचे चुंबकन मुळातच वाढते: 60 अंशांवरून 20 अंशांवर येताना, काहीही गोठले नाही तरी, संकेत सुमारे 14 टक्क्यांनी वाढतो. जे शोधायचे ते काही टक्के आणि दुरुस्ती त्याहून मोठी, अशी ही मोजणी आहे. ती दुरुस्ती वगळली, तर मेण गोठत असतानाही आलेख वर चढताना दिसेल.

शिवाय कच्च्या तेलातल्या अस्फाल्टीन या डांबरासारख्या घटकाचे जड रेणूही लवकर विझणारा संकेत देतात. त्यामुळे नमुना आधी तापवून सगळे मेण विरघळवतात, तेथील संकेत आधाररेषा म्हणून घेतात, आणि मगच ठरलेल्या वेगाने तो थंड करत नेतात. हाती येणाऱ्या वक्रावरून अभियंते अंदाज बांधतात, की पंप बंद पडल्यास पाइपलाइनमधले तेल किती निवेपर्यंत धोका नाही.